यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट पाहा

कापडाच्या धंद्यात नवा माणूस पहिल्यांदा फसतो तो मापात. ताक्याच्या चिठ्ठीवर मीटर लिहिलेले असतात. ते न वाचता माल उचलला आणि शिवायला बसल्यावर कापड कमी पडले, तर भांडून काही हाती लागत नाही. तीस वर्षे हा धंदा करूनही मी याच चुकीत सापडलो. फरक इतकाच की चूक कापडात झाली नाही, यूपीएसच्या खरेदीत झाली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवून घेतला. दिवसा तो त्यावर आमच्या दुकानासाठी साड्यांच्या व ड्रेस मटेरिअलच्या प्रिंटचे डिझाइन काढतो आणि रात्री मित्रांबरोबर गेम खेळतो. मशीन महागाचे असल्याने सोबत यूपीएस घ्यावा असे ठरले. मी बाजारात जाऊन ६०० व्हीएचा यूपीएस घेऊन आलो. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला तोच होता आणि तो चांगला चालला होता. एवढाच माझा हिशेब.

पावसाळ्यात एका रात्री मुलाने डिझाइनची मोठी फाइल तयार व्हायला लावली आणि तोवर तो गेम खेळायला बसला. लाईट गेली. यूपीएस एकदा लांब ओरडला आणि कॉम्प्युटरसकट सारे बंद. लाईट आल्यावर ती फाइल उघडेना. अकरा दिवसांचे काम होते. व्यापाऱ्याला दिलेली तारीख चुकली आणि ऑर्डर दुसऱ्या दुकानात गेली. मी मुलाला गेमवरून खूप बोललो. तो एवढेच म्हणाला, "अब्बा, यूपीएस चालू होता, मग बंद का पडला?"

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे खोका उलटा करून दाखवला. वर मोठ्या अक्षरात ६०० व्हीए आणि खाली बारीक अक्षरात ३६० वॅट. तो म्हणाला, "शेठ, मशीन कोणते आहे हे तुम्ही सांगितलेच नाही." यूपीएस खराब नव्हता. चिठ्ठी मी वाचली नव्हती.

त्यानंतर मी वायरमनकडून, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांकडून आणि खुद्द मुलाकडून हा विषय समजून घेतला. आज अनेक घरांत मुले अशा मशीनवर गेमबरोबर व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन आणि थ्रीडीची कामे करून चार पैसे मिळवतात. त्यांच्या पालकांना आणि छोट्या व्यावसायिकांना उपयोग व्हावा म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

व्हीए आणि वॅट यांतला फरक

व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. यंत्राला प्रत्यक्ष मिळणारी कामाची वीज वॅटमध्ये मोजतात. या दोहोंच्या प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. घरगुती स्वस्त यूपीएसचा पॉवर फॅक्टर बहुधा ०.६ असतो. म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅट देतो, १००० व्हीएचा ६०० वॅट आणि ११०० व्हीएचा ६६० वॅट. काही चांगल्या यूपीएसमध्ये हे प्रमाण ०.८ किंवा ०.९ असते. तेथे १००० व्हीएला ८०० किंवा ९०० वॅट मिळतात. तेव्हा दोन यूपीएसवर व्हीएचा आकडा एकच असला तरी माल एक नसतो.

पूर्वीच्या साध्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो वीज ओबडधोबड रीतीने ओढत असे. त्याचाही पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपासच होता, म्हणून ही जोडी जमत होती. आजच्या गेमिंग मशीनमधल्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाची सोय असते आणि त्याचा पॉवर फॅक्टर जवळजवळ एक असतो. अर्थात त्याच्या बाबतीत वॅट आणि व्हीए जवळपास सारखेच. म्हणून गिऱ्हाइकाने व्हीएचा आकडा बाजूला ठेवावा आणि वॅटचाच विचार करावा.

मशीन किती वीज खाते?

येथे दुसरा घोटाळा होतो. एसएमपीएसवर ६५० वॅट लिहिले आहे म्हणजे मशीन ६५० वॅट खाते असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. तो एसएमपीएस जास्तीत जास्त तेवढे देऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ. दहा टनाच्या ट्रकमध्ये रोज दहा टन माल असतोच असे नाही. खरी भूक आतल्या भागांवर ठरते आणि गेमिंग मशीनमध्ये सर्वांत मोठे खाणारे दोन, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर.

ग्राफिक्स कार्डाचे आकडे कंपनी जाहीर करते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॅट आहे, आरटीएक्स ३०६० ची १७०, आरटीएक्स ४०७० ची २००, तर आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटचे आहे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र खोक्यावरचा लहान आकडा पाहून फसू नये. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट असे दिसते, पण जोरात काम करताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय९-१४९००के वर १२५ दिसते आणि जास्तीत जास्त आकडा २५३ आहे. हिशेबात नेहमी मोठा आकडा धरावा.

आता आमच्याच मशीनचा हिशेब पाहा. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट, आय५-१२४०० जातीच्या प्रोसेसरचे ११७ आणि मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५० धरू. बेरीज ३३७ वॅट. ही झाली मशीनच्या पोटातली गरज. एसएमपीएस भिंतीतून वीज घेऊन ती बदलून आत देतो आणि त्यात काही वाया जाते. चांगल्या प्रतीचा एसएमपीएस दर शंभर वॅटमागे नव्वदच्या आसपास आत पोहोचवतो. म्हणून ३३७ भागिले ०.९, म्हणजे भिंतीवर सुमारे ३७४ वॅट. त्यात मॉनिटरचे ३० आणि इंटरनेटच्या राऊटरचे १० मिळवले की ४१४ वॅट. आणि मी आणला होता ३६० वॅटचा यूपीएस. हलका गेम असता तर कदाचित निभावलेही असते. त्या रात्री डिझाइनचे काम आणि गेम दोन्ही जोरात चालू होते, म्हणून यूपीएसने हात टेकले.

आणखी एक गोष्ट. ग्राफिक्स कार्ड एकसारखे खात नाही. पडद्यावर एकदम धुमश्चक्री सुरू झाली की क्षणभर त्याची मागणी ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळते. ही उसळी सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जाते. पण २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत, एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट उसळीही सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका वेळ झेलली पाहिजे अशी अट घालावी लागली, यावरून प्रश्न किती खरा आहे ते कळेल. म्हणून हिशेबाच्या वर किमान पंचवीस टक्के जागा सोडावी. शिलाईसाठी कापड घेताना आपण आकसण्याचे माप धरतो तसेच हे.

४१४ मध्ये पंचवीस टक्के मिळवले की ५१८, म्हणजे ५२० वॅट धरू. ०.६ च्या यूपीएसमध्ये यासाठी १००० व्हीए लागेल, ११०० असला तर अधिक बरे. आरटीएक्स ४०९० आणि आय९ असे भारी मशीन दोन मॉनिटरसह असेल तर हाच हिशेब बाराशे वॅटच्या जवळ जातो. तेथे २ केव्हीएच्या खाली जाऊ नये.

ज्यांना कागदावरचा हिशेब नको त्यांनी वॅट दाखवणारा छोटा मीटर आणावा. तो बोर्ड आणि प्लग यांच्या मधे बसतो. सर्वांत भारी गेम अर्धा तास चालवून आकडा पाहावा आणि त्यावर पंचवीस टक्के धरावेत. मोजून घेतलेल्या मापाला तोड नाही.

किती वेळ चालेल?

दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतो आणि उत्तर बहुधा गोलमाल मिळते. वॅट आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीएस किती वजन उचलू शकतो हे वॅट सांगतात. ते वजन किती वेळ धरून ठेवील हे बॅटरी सांगते.

लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४ वॅट-तास. मोठ्यात अशा दोन असल्या तर १६८. आता १६८ ला ४१४ ने भागले तर चोवीस मिनिटे येतात आणि कोणी तसे सांगेलही. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवर आठ-दहा मिनिटे मिळाली तरी समाधान मानावे.

कारण असे की ७ अँपिअर-तास हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळतो, म्हणजे ०.३५ अँपिअरने. त्याच बॅटरीकडून ७ अँपिअर मागितले तर ती एक तास देत नाही, अर्ध्या तासाच्या आसपास दमते. त्याहून जोरात ओढली तर आणखी लवकर. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शिशाच्या बॅटरीचा हा स्वभाव १८९७ सालीच नियमात मांडला होता. शिवाय बॅटरीची वीज २३० व्होल्ट करताना यूपीएसही आपला हिस्सा खातो.

या नियमाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. लोड निम्मा केला तर वेळ दुप्पट नव्हे, दुपटीहून जास्त होतो. गेम बंद करून मशीन नुसते चालू ठेवले, तर मॉनिटरसह ते शंभर वॅटच्या आसपास येते आणि तीच दोन बॅटऱ्यांची जोडी पाऊण तासाच्या जवळ जाते. म्हणून लाईट जाताच गेममधून बाहेर पडावे. ऑनलाइन सामना मधेच सोडता येत नसेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा कमी करावी, ग्राफिक्स कार्डाची भूक लगेच उतरते.

थोडक्यात, यूपीएस हा खेळत राहण्यासाठी नसतो. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी असतो. तासन् तास चालवायचे असेल तर त्याचा मार्ग वेगळा, तो पुढे येईल.

कोणत्या जातीचा घ्यावा?

बाजारात तीन जाती आहेत. पहिली ऑफलाइन. लाईट असेपर्यंत ती वीज तशीच पुढे सोडते आणि लाईट गेली की बॅटरीवर जाते. दुसरी लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह. हिच्यात व्होल्टेज सावरण्याची सोय असते, जिला एव्हीआर म्हणतात. व्होल्टेज उतरले किंवा चढले तर ठरावीक मर्यादेत ती बॅटरी न वापरताच ते सावरते. यंत्रमागाच्या वस्तीत सकाळी माग सुरू होताना बल्ब मंद होतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिची किंमत सांगायला नको. ऑफलाइन यूपीएस अशा ठिकाणी दिवसातून वीस वेळा बॅटरीवर जातो आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते. तिसरी जात ऑनलाइन. ती वीज सतत बदलून देते, त्यामुळे मधे क्षणाचाही खंड पडत नाही. पण ती महाग असते, गरम होते आणि तिचा पंखा सतत आवाज करतो. बँका, इस्पितळे, सर्व्हर यांच्यासाठी ती योग्य. घरच्या गेमिंग मशीनला लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह पुरते.

खंड पडतो म्हणजे किती? ऑफलाइन व लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह यूपीएसला बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. म्हणजे जमते, पण फारशी जागा उरत नाही. हलक्या प्रतीचा एसएमपीएस असेल तर यूपीएस चांगला असूनही मशीन बंद पडते. तेव्हा दोष एकट्या यूपीएसवर टाकू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे लाट. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा गोलाईदार लाटेसारखी चढते-उतरते. तिला साइन वेव्ह म्हणतात. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर अशी लाट देत नाही, पायऱ्यांसारखी देतो. खोक्यावर सिम्युलेटेड किंवा स्टेप्ड साइन वेव्ह असे लिहिलेले असते. बल्ब-पंख्याला ती चालते. पण अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसला त्या पायऱ्यांमधला रिकामा क्षण कधीकधी मानवत नाही. तो एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, किंवा मशीनच बंद होते. प्रत्येक मशीनला असे होतेच असे नाही. पुष्कळ चालतातही. पण महागाच्या मशीनसाठी प्युअर साइन वेव्ह लिहिलेला यूपीएस घेणे शहाणपणाचे. थोडे पैसे जास्त जातात. "महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार" ही म्हण आम्ही व्यापारी गिऱ्हाइकाला ऐकवतो, ती स्वतःही ऐकावी.

घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का?

माझी दुसरी चूक हीच. यूपीएस कमी पडल्यावर मी मशीन घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर जोडायला सांगितले. तो स्क्वेअर वेव्हचा होता. लाईट गेली की मशीन पुन्हा सुरू व्हायचे आणि एसएमपीएसमधून गुणगुण ऐकू यायची. वायरमनने ते पाहून ताबडतोब काढायला लावले.

इन्व्हर्टर चालतो, पण तीन अटींवर. पहिली, तो साइन वेव्हचा असावा. दुसरी, त्यावर यूपीएस मोडचे बटण असावे आणि ते चालू असावे, कारण साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ कॉम्प्युटरला परवडत नाही. तिसरी, पंखे-दिवे धरून लोड त्याच्या वॅटमध्ये बसावा. या अटी जमल्या तर १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीवर आमच्यासारखे मशीन दोन पंख्यांसह दीड-दोन तास चालू शकते.

यापेक्षाही चांगली जोडी म्हणजे साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि त्याच्या पुढे एक लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह यूपीएस. इन्व्हर्टर लांबचा पल्ला सांभाळतो आणि बदलाचा तेवढा क्षण यूपीएस भरून काढतो. सध्या आमच्या घरी हीच व्यवस्था आहे. मात्र स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरपुढे यूपीएस जोडू नये. पुष्कळ यूपीएस ती वीज ओळखतच नाहीत आणि आपली बॅटरी रिकामी करून बसतात. छोट्या जनरेटरच्या अस्थिर विजेचेही तेच.

गेमिंग लॅपटॉप असेल तर त्याला यूपीएसची गरज नाही. त्याच्या पोटात बॅटरी आहेच. तेथे फक्त राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला की काम भागते.

गेमिंग कॅफे काढणाऱ्यांसाठी

अलीकडे काही तरुण मंडळी गेमिंग कॅफेचा विचार करताना दिसतात. आमच्यासारखी दहा मशीन धरली तर ४१४० वॅट होतात आणि पंचवीस टक्के धरून ५१७५. यासाठी ०.९ पॉवर फॅक्टरचा ६ केव्हीए ऑनलाइन यूपीएस लागेल, जो ५४०० वॅट देतो. त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. हे काम लायसन्सधारी वायरमनकडूनच करून घ्यावे. दुसरा मार्ग दहा मशीनना दहा लहान यूपीएस. मोठा एक यूपीएस सांभाळायला सोपा, पण तो बंद पडला तर सारे दुकान बंद. लहान दहांपैकी एक बिघडला तर नऊ गिऱ्हाईके खेळत राहतात, पण दहा ठिकाणी बॅटऱ्या बदलाव्या लागतात. भाडे, जागा आणि भांडवल पाहून ज्याने त्याने ठरवावे. धंद्यासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर पक्के बिल घ्या, इनपुट क्रेडिट मिळते.

दुकानात काय पाहावे?

१) खोक्यावर वॅटचा आकडा शोधा. तो नसेल किंवा दुकानदार सांगत नसेल तर माल घेऊ नका.

२) लाट कोणती, प्युअर साइन वेव्ह की सिम्युलेटेड, हे वाचा.

३) आत बॅटऱ्या किती आणि किती अँपिअर-तासांच्या ते विचारा. बाजारात सहज मिळणाऱ्या मापाच्या असतील तर पुढे बदलायला सोपे जाते.

४) मागच्या सगळ्या सॉकेटना बॅटरी मिळते की काहींना नुसते झटक्यापासून संरक्षण, ते पाहा. मशीन, मॉनिटर आणि राऊटर तिन्ही बॅटरीच्या सॉकेटवर हवेत. मॉनिटर अंधारात गेला तर सेव्ह कसे करणार?

५) घरगुती मापाच्या यूपीएसना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६२४२ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक यूपीएसवर छापलेला पाहून घ्या.

६) यूपीएसची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी असू शकते. दोन्ही बिलावर लिहून घ्या.

७) यूएसबीची सोय असेल तर उत्तम. ती वायर मशीनला जोडली की बॅटरी संपत आल्यावर कॉम्प्युटर स्वतःच नीट बंद होतो. घरात कोणी नसताना याचा फार उपयोग आहे.

घरी आणल्यावर

प्रथम सहा ते आठ तास चार्ज करावा. मग सर्वांत भारी गेम चालू करून भिंतीच्या बोर्डाचे बटण बंद करावे. प्लग ओढू नये, कारण प्लग ओढला की अर्थिंगही सुटते. मशीन चालू राहिले आणि यूपीएस ओव्हरलोडचा इशारा देत नसला तर खरेदी बरोबर आहे. ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात करावी, म्हणजे बदलून मागायला तोंड राहते. आम्ही ती केली असती तर अकरा दिवसांचे काम वाचले असते. परीक्षेपूर्वी सगळ्या फाइली सेव्ह करायला विसरू नये.

यूपीएसवर लेझर प्रिंटर, इस्त्री, हीटर यांसारखी वस्तू कधीही जोडू नये. लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करण्यासाठी एकदम शेकडो वॅट ओढतो. दोन पिनांचा जुगाड करून अर्थिंग तोडू नये, त्यात जिवाचा धोका आहे.

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. शिशाच्या सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर साधारण दर दहा अंशांना ते निम्मे होत जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत बॅटरी उतरली तर नवल नाही. यूपीएस भिंतीला चिकटवून, कपड्यांच्या गठ्ठ्याआड किंवा उन्हात ठेवू नये. दर तीन महिन्यांनी बोर्डाचे बटण बंद करून वेळ मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी. दोन असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात, जुनी-नवी जोडी नव्यालाही लवकर मारते. बॅटरी फुगलेली दिसली तर यूपीएस लगेच बंद करावा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, तिच्यात शिसे आणि अ‍ॅसिड असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे परत दिली तर बहुधा नव्यात काही पैसे वजाही होतात.

आता आमच्याकडे ११०० व्हीए, ६६० वॅटचा यूपीएस आहे. गेल्या पावसाळ्यात कितीतरी वेळा लाईट गेली, पण फाइल एकही गेली नाही. शिवाय मुलगा प्रत्येक डिझाइनची दुसरी प्रत रोज रात्री वेगळ्या डिस्कवर ठेवतो, कारण यूपीएस लाईटपासून वाचवतो, डिस्क बिघडण्यापासून नाही. जी ऑर्डर गेली ती गेली. त्या रात्री गेमवरून मी त्याला जे बोललो ते मात्र मी परत घेतले. दोष गेमचा नव्हता, ३६० चा आकडा न वाचणाऱ्याचा होता.